बेचाळीस ॲम्प्यूल

मावशी पहिल्यांदा पडली ती मोरीत, तोंड धुताना. डोळ्यांवर साबण, दोन्ही हात गालांवर, आणि कठड्यावर आपटून कपाळाला खोक. सून धावत आली. मावशी तिला म्हणाली, "पाय नाय घसरला गं. डोळं मिटलं आन् मी कुठं उभी हाय त्येच कळंना."

हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं. त्याचा अर्थ लागायला हवा होता असा एकच माणूस त्या घरात होता, तो मी. परळला आमचं मेडिकल आहे, वडिलांपासूनचं. केईएम, टाटा, वाडिया सगळी हाकेच्या अंतरावर, शिवडीचं टीबी हॉस्पिटल थोडं पलीकडे. बी.फार्म. होऊन मी काउंटरला उभा राहिलो त्याला आता तीस वर्षं होतील. औषधांची नावं मला नातेवाइकांच्या नावांआधी आठवतात, असं बायको म्हणते.

गोष्ट २००९ची. मावशी ६३ वर्षांची, वजन ४१ किलो. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला, हुडहुडी भरून ताप यायला लागला. जवळच्या एका डॉक्टरांनी जेंटामायसीन हे जंतू मारणारं इंजेक्शन लिहिलं. ८० मिलिग्रॅमची ॲम्प्यूल, म्हणजे काचेची छोटी कुपी, सकाळ-संध्याकाळ, दोन आठवडे. ताप उतरला, तेराव्या दिवशी पुन्हा किंचित चढला, म्हणून आणखी एक आठवडा. पायांवर सूज दिसली म्हणून पाणी उतरायची गोळी, फ्युरोसेमाइड. सगळं माझ्याच दुकानातून गेलं. इंजेक्शनं, सिरिंजा आणि ती गोळी मी एकाच पिशवीत घातली, घरचं माणूस म्हणून पैसे घेतले नाहीत, आणि मोठं काही केल्यासारखं वाटून घेतलं. दवाखान्यातला कंपाउंडर घरी येऊन टोचून जायचा. एकवीस दिवस, बेचाळीस ॲम्प्यूल. हा आकडा मी नंतर बिलबुकातून काढला, कारण पैसे घेतले नसले तरी स्टॉक वजा करायला नोंद ठेवली होती.

जेंटामायसीनला आमच्या धंद्यात सगळे 'जेंटा' म्हणतात. जुनं, भरवशाचं आणि स्वस्त औषध. तेव्हा एक ॲम्प्यूल वडापाव-चहाच्या पैशात येत असे. लघवीचा, पोटाचा, रक्तात पसरलेला संसर्ग. ज्या जीवाणूंपुढे साधं पेनिसिलीन हात टेकतं, त्यातल्या बऱ्याच जणांना हे आटोक्यात आणतं. हृदयाच्या झडपेवर जंतूंनी ठाण मांडलं तर पेनिसिलीनच्या जोडीला हेच देतात. आमच्या दुकानापासून चालत गेलं तर हाफकिन इन्स्टिट्यूट लागते, १८९६च्या मुंबईच्या प्लेगची आठवण. त्या प्लेगवर तेव्हा औषध नव्हतं. आज कुठे प्लेग निघालाच तर डॉक्टर पहिला हात घालतात तो स्ट्रेप्टोमायसीनला किंवा जेंटाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि ते तिथे असायलाच हवं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणी जेंटाचं नाव ऐकताच पळत सुटावं अशी माझी इच्छा नाही.

ताप गेला. मावशी उठून बसली, जेवायला लागली. आणि मग चालायला लागली तेव्हा तिची चाल बदललेली होती. पाय फाकवून, एक हात भिंतीला. दिवसा निभायचं. संध्याकाळी चाळीच्या पॅसेजमध्ये अंधार झाला की ती दारात थबकायची. गादीवर चालताना जसा पाय रुतल्यासारखा वाटतो तशी फरशी लागते, म्हणायची. "चक्कर येते का?" सगळे विचारत. "चक्कर न्हाई रे. टाळकं फिरत न्हाई. जिमीनच धरत न्हाई." डॉक्टर म्हणाले अशक्तपणा. दुसरे म्हणाले मानेचा मणका, आणि गळपट्टा दिला. तिसऱ्यांनी कान तपासले. ऐकू उत्तम येत होतं. शेजारच्या खोलीतली कुजबुज तिला पूर्वीइतकीच ऐकू जायची आणि ती पूर्वीइतकीच पुढे सांगायची. तेव्हा कान ठीक, असा शिक्का बसला.

खरी खूण तिने मला परळ स्टेशनच्या पुलावर दिली. आम्ही चालत होतो, आणि ती मध्येच थांबली. इंडिकेटरकडे बघून म्हणाली, "आता वाचता येतंय. चाललं की अक्षरं नाचत्यात." मी विचारलं, म्हणजे धूसर दिसतं? "धूसर न्हाई. नाचत्यात. वर-खाली. माझ्या पावलाबरोबर." पुन्हा चार पावलं चालली, पुन्हा थांबली. "बघ, आता थांबली बघ."

आमच्या आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाला चिकटूनच तोलाचं यंत्र असतं. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन छोट्या पिशव्या. आपण पाऊल टाकतो तेव्हा डोकं हलतं, आणि हे यंत्र डोळ्यांना तत्क्षणी उलट दिशेला तेवढंच हलवतं, म्हणून जग आपल्याला स्थिर दिसतं. हे यंत्र दोन्हीकडचं एकदम गेलं की घेरी येत नाही. घेरी येते ती एक कान एक सांगतो आणि दुसरा दुसरंच, तेव्हा. दोन्ही कान गप्प झाले तर भांडणच नाही. नुसता तोल नाही. मग माणूस डोळ्यांवर आणि तळपायांवर उभा राहतो. डोळे मिटले, अंधार झाला, गादी मऊ लागली, की संपलं. मोरीत साबण डोळ्यांवर असताना मावशी नेमकी याच फटीतून खाली पडली होती.

१९५२ साली एका अमेरिकन डॉक्टराने स्वतःचीच ही कहाणी वैद्यकीय नियतकालिकात लिहिली. त्याला गुडघ्याचा टीबी होता आणि जेंटाचंच भावंड, स्ट्रेप्टोमायसीन, चालू होतं. तोल गेल्यावर अंथरुणात पडून वाचायलाही जमेना, कारण छातीच्या ठोक्याने डोकं जेवढं हलतं तेवढ्यानेही पानावरची अक्षरं उडत होती. शेवटी पलंगाच्या लोखंडी गजांमध्ये डोकं घट्ट टेकवून तो वाचू लागला. मला ही गोष्ट कॉलेजात कुणी सांगितली नाही. परीक्षेत मात्र 'जेंटामायसीनचे दुष्परिणाम' यावर मी 'श्रवणयंत्रणेस व मूत्रपिंडास इजा' असं लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. 'श्रवण' या शब्दाने घात केला. कान म्हणजे ऐकणं, एवढंच डोक्यात बसलं. कानामायसीन आणि अमिकासीन ही भावंडं बहुधा ऐकू येण्यावर घाला घालतात, जेंटा आणि स्ट्रेप्टो बहुधा तोलावर. ऐकू येणं कमी झालं की घरच्यांना आठ दिवसांत कळतं. तोल गेला तर म्हातारपण म्हणतात.

शेवटी निदान केलं ते पालिकेच्या एका हॉस्पिटलातल्या कान-नाक-घशाच्या निवासी डॉक्टर मुलीने. वय असेल सव्वीस-सत्तावीस. तिने मावशीला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. सहा ओळी वाचल्या. मग मागे उभं राहून मावशीचं डोकं दोन्ही हातांत धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवत म्हणाली, "आजी, आता वाचा." आजींना वरच्या दोन ओळी दिसल्या. मग स्पंजच्या जाड चौकोनावर उभं करून डोळे मिटायला सांगितलं, आणि मावशी वाळलेल्या झाडासारखी सरळ मागे आली. पोरीने झेललं. मग तिने विचारलं, "गेल्या काही महिन्यांत कसली इंजेक्शनं झाली होती का?"

मी तिथेच उभा होतो. उत्तर मीच दिलं.

त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी हिशेब मांडला. मावशीचा त्या वेळचा रिपोर्ट फाइलमध्ये होता. क्रिएटिनीन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, १.१. त्याच्यापुढे लॅबने छापलेली मर्यादा, आणि आकडा मर्यादेच्या आत. कुणीही 'किडनी नॉर्मल' म्हणेल. पण क्रिएटिनीन स्नायूंतून येतं, आणि ४१ किलोच्या म्हाताऱ्या बाईच्या अंगावर स्नायू असतो किती? किडनी किती काम करते हे काढायचं, १९७६ पासून वापरात असलेलं कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं सूत्र आहे, ते मला पाठ होतं. १४० वजा वय, गुणिले वजन, आणि त्याला ७२ आणि क्रिएटिनीन यांच्या गुणाकाराने भागायचं. बाई असेल तर त्याच्या ८५ टक्के. आकडे घातले. किडनी मिनिटाला जेमतेम ३४ मिलिलिटर रक्त साफ करत होती. धडधाकट तरुण माणसात हाच आकडा शंभराच्या आसपास असतो. म्हणजे जेंटा बाहेर टाकायचा तिचा एकच रस्ता, लघवीचा, तो दोन-तृतीयांश बंद होता. डोस किलोच्या हिशेबाने पुस्तकातल्या मर्यादेत बसत होता. दोन डोसांमधलं अंतर चुकलं होतं, आणि दिवस फार झाले होते. त्यात ती पाणी उतरायची गोळी. फ्युरोसेमाइड जेंटाच्या जातीच्या औषधांबरोबर दिलं तर कानाला धोका वाढतो, हेही मला पाठ होतं. दोन्ही मी एकाच पिशवीत घातलेली.

डॉक्टरांची चूक होती का? होती, पण मी त्यांच्यावर फार दात धरू शकलो नाही. सूत्र मला येत होतं, वजन मला डोळ्यांनी दिसत होतं, आणि बाई माझी मावशी होती. माझी आई मी नऊ वर्षांचा असताना गेली. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण आमच्या घरात कुणी कधी उच्चारली नाही, कारण ती तशीच्या तशी घडली होती.

पुढचे काही महिने मी या औषधाच्या मागे लागलो. त्यातून अपराधीपणा कमी झाला नाही, पण वाचायला जे मिळालं ते विलक्षण होतं. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे स्ट्रेप्टोमायसीन. १९४३ साली अमेरिकेत रटगर्स इथे आल्बर्ट शाट्झ या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने तळघरातल्या प्रयोगशाळेत ते शोधलं. ज्या जीवाणूपासून ते मिळालं त्याचे दोन वाण होते; एक शेणखत घातलेल्या मातीतला, दुसरा कोंबडीच्या घशातला. १९५२चं नोबेल मात्र एकट्या सेल्मन वाक्समन यांना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना मिळालं. शाट्झ त्याआधीच कोर्टात गेला होता. टीबीला खाली पाडणारं ते पहिलं औषध. आमच्याकडे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्येही ते बनायचं. जेंटा आलं १९६३ मध्ये, पण ते दुसऱ्याच, जांभळट रंगाच्या जीवाणूपासून. म्हणून इंग्रजीत स्ट्रेप्टोच्या 'मायसीन'मध्ये वाय येतो आणि जेंटाच्या 'मायसीन'मध्ये आय. स्पेलिंगवरूनच कूळ कळावं, अशी सोय. देवनागरीत दोघांचं आडनाव एकच होतं आणि ही भाऊबंदकी लपते.

औषध काम कसं करतं हे कळल्यावर मला हसू आलं. जीवाणूच्या पेशीत प्रथिनं बनवणारे कारखाने असतात, रायबोसोम. ते जनुकाची चिठ्ठी वाचतात आणि बरहुकूम माल बनवतात. जेंटा त्या वाचणाऱ्याला चिकटतं आणि तो चिठ्ठी चुकीची वाचायला लागतो. डॉक्टरांचं अक्षर न लागल्याने भलतीच गोळी देणारा कंपाउंडर. चुकीच्या प्रथिनांनी जीवाणूचं घर आतून ढासळतं. गंमत अशी की आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया फार फार पूर्वी जीवाणूच होत्या, आणि त्यांचे रायबोसोम अजून त्या जुन्या वळणाचे आहेत. काही माणसांत या मायटोकाँड्रियांच्या जनुकात १५५५ क्रमांकाच्या जागी एक अक्षर बदललेलं असतं, आणि मग औषधाला ते रायबोसोम जीवाणूचेच वाटतात. अशा माणसाला एखाद-दुसऱ्या डोसानेही ठार बहिरेपण येऊ शकतं. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात. म्हणजे आजी, आई, मावशी आणि मी, सगळे एकाच दोरीला. मावशीचं ऐकणं शाबूत होतं, तेव्हा तिची भानगड ही नव्हती. तरी ते वाचून मी एक रात्र जागा होतो.

आतल्या कानात बारीक केसांच्या पेशी असतात; ऐकण्याच्याही, तोलाच्याही. जेंटा त्यांच्यात शिरतं आणि इंजेक्शन थांबल्यावरही आठवडेच्या आठवडे आत बसून राहतं. म्हणून कित्येकांना त्रास जाणवतो तो कोर्स संपून घरी आल्यावर, जेव्हा डॉक्टरांशी संबंध सुटलेला असतो. मूत्रपिंडाला झालेली इजा बहुतेक वेळा भरून येते. कानातल्या या पेशी मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीत उगवतात. घशातून जिने औषध दिलं तिला स्वतःला त्याची भीती नाही.

आता काउंटरवर मी चोंबडेपणा करतो. जेंटा किंवा अमिकासीनची चिठ्ठी आली की वजन विचारतो, वय विचारतो, किडनीचा रिपोर्ट झालाय का, सोबत आणखी काय चालू आहे, आईकडच्या कुणाला इंजेक्शनाने बहिरेपण आलं होतं का. लोक वैतागतात. "तुम्ही द्या ना, डॉक्टरनी लिहिलंय." देतो. पण डॉक्टरांना फोनही करतो. काही जण फोन आपटतात. बरेचसे, खरं सांगायचं तर, ऐकून घेतात. आता पुष्कळ ठिकाणी दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं देण्याऐवजी एकदाच मोठा डोस देतात. जंतू मरतात ते रक्तातल्या चढत्या पातळीने, आणि खाली उतरलेल्या लांब वेळात कान-किडनीला जरा दम खाता येतो. रक्तातली औषधाची पातळी मोजताही येते. पण ती तपासणी इंजेक्शनांच्या आख्ख्या कोर्सपेक्षा महाग पडते, मग करतं कोण?

थेंबांचीही तीच गत. "कान वाहतोय, जेंटाचे ड्रॉप द्या" म्हणत पावसाळ्यात रोज चार जण येतात. पडद्याला भोक असेल तर तेच थेंब आत झिरपून आतल्या कानाशी जाऊ शकतात. आणि याच्या उलटही आहे: मेनिएर नावाच्या आजारात ज्यांना घेरीने जगणं नकोसं होतं, त्यांच्या कानात पडद्यामागे डॉक्टर मुद्दाम जेंटा टोचतात, त्या बाजूचं तोलयंत्र मारण्यासाठी. एक बाजू गेली तर मेंदू दुसऱ्या बाजूवर निभावून नेतो. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग माझी एक तरी ठेवायची हुती."

टीबीचे पेशंट तर मी वर्षानुवर्षं पाहिले. मल्टी-ड्रग रेझिस्टंट टीबी, म्हणजे नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा. सहा-सहा महिने रोज कानामायसीनचं इंजेक्शन. एक गोवंडीचा मुलगा होता, विशीतला, टीबीतून पूर्ण बरा झाला. नंतर दर पंधरा दिवसांनी यायचा, श्रवणयंत्राचे बटण सेल घ्यायला. मी भाव सांगायचो, तो माझ्या ओठांकडे बघायचा. एकदा मी मास्क लावून बोललो आणि त्याने नुसता हात पुढे करून मास्क खाली घ्यायची खूण केली. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपचारातून कानामायसीन बाद करायला सांगितलं, बेडाक्विलीनसारख्या गोळ्या पुढे आल्या, आणि इंजेक्शनांचे ते खोके आमच्या रस्त्यावरून हळूहळू दिसेनासे झाले.

त्याच वर्षी मावशीला नातू झाला. आठवा महिना लागतानाच, वजन १.८ किलो, आणि दुसऱ्याच दिवशी रक्तात जंतू असल्याचा संशय. मी काचेबाहेर उभा होतो. आतल्या डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, ॲम्पिसिलीन आणि जेंटामायसीन सुरू केलंय. माझ्या पोटात गोळा आला. नवजात बाळाच्या जंतुसंसर्गावर ही जोडी जगभर पहिली वापरतात हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून पोटातला गोळा जाईना. मी विचारलं, किती? "किलोला साडेचार. आठ मिलिग्रॅम. छत्तीस तासांनी एकदा. रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत तर लगेच बंद. आणि घरी जायच्या आधी ओएई, कानाची तपासणी." मी काहीही न सांगता त्यांनी माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती. मावशी बाकावर बसली होती. तिने नाव ऐकलं होतं.

"त्येच का रं?"

"तेच."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाईनं वजन केलं का आधी?"

"केलं."

"मग दिऊ दे."

पोरगं आता सात वर्षांचं आहे. ओएई पास झाला होता, आणि आता हाक मारली तर ऐकू न आल्याचं सोंग करतो.

मावशीला अंगठ्याचा व्यायाम दिलेला आहे: अंगठा नाकासमोर धरायचा, नजर त्याच्यावर, आणि डोकं डावी-उजवीकडे. मेंदू शिकतो थोडंफार. ती अंगठ्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख धरते, त्यामुळे एकादशी कधी आहे ते तिला नेहमी माहीत असतं. चाळीच्या पॅसेजमधला बल्ब पूर्वी अकराला बंद व्हायचा. तिला रात्री दोनदा संडासला जावं लागतं, पॅसेजच्या टोकाला. बल्ब रात्रभर राहू द्या म्हणून तिने सांगितलं, तर सगळ्यांच्या मीटरवरून भांडण झालं. मग तिने स्वतःच्या मीटरवरून वायर ओढून घेतली, स्वतःच्या दाराबाहेर, दहा वॅटचा एलईडी. त्याच्या उजेडात आता समोरच्या खोलीतला मुलगा यूपीएससीचा अभ्यास करत बसतो. मध्यरात्री वीज गेली की तो पुस्तक मिटून मोबाइलची बॅटरी मावशीच्या पायांसमोर फरशीवर धरतो, तिच्या पुढे दोन पावलं, उलटा चालत. मावशी त्या गोल उजेडात पाय ठेवते.